माडीवरची न्हाणी : फरशी बसवण्याआधीची तयारी



पावसाळ्यात घराचे दार अडते. उन्हाळ्यात तेच दार सहज लागते. हे तुम्ही सर्वांनी पाहिले आहे. असे का होते? लाकूड हवेतला ओलावा पिते आणि फुगते. हवा कोरडी झाली की ते सुकते आणि आकसते.

ही गोष्ट आम्हांला लहानपणापासून ठाऊक होती. शाळेत आम्ही ती मुलांना शिकवलीही. पण आमच्याच घरात काम निघाले तेव्हा ती आम्हांला आठवली नाही. त्या विसरण्याचे मोल आमच्या थोरल्या वहिनींना द्यावे लागले. म्हणून हा धडा लिहीत आहोत.

आमच्या घरी काय घडले

आमचे घर जुने, दुमजली आहे. भिंती दगडमातीच्या. वरच्या माडीची जमीन कडीपाटाची. कडीपाट म्हणजे काय ते तुम्ही जाणता. एका भिंतीपासून दुसऱ्या भिंतीपर्यंत लाकडी कड्या टाकतात. कड्यांवर पाट, म्हणजे फळ्या, बसवतात. फळ्यांवर मातीचा थर घालून चोपतात. वर शेणाने सारवतात. पायाला ऊबदार, उन्हाळ्यात थंड. अशी जमीन कोरडी राहिली तर शंभर वर्षेही टिकते.

वहिनींचे बिऱ्हाड माडीवर. न्हाणी खाली, परसात. वहिनींचे गुडघे दुखू लागले. जिना उभा आणि अरुंद. पहाटे अंधारात उतरताना त्यांचा जीव मुठीत असे. तेव्हा घरात ठरले की माडीच्या कोपऱ्यात एक लहान न्हाणी करावी. चार फूट रुंद, पाच फूट लांब.

२०११ सालच्या दिवाळीच्या आधी काम काढले. सणापूर्वी संपवायचे म्हणून घाई. गवंडीदादांनी मातीवरच दोन इंच सिमेंटचा कोबा केला. त्यावर पाणी अडवणाऱ्या औषधाचा एक हात मारला. संध्याकाळीच वर शहाबादी फरशी बसवली. औषधाचा अर्धा डबा उरला. गवंडीदादा म्हणाले, "गुरुजी, काम पक्कं झालं. आता काळजी नको." आम्हीही मान डोलावली.

पहिल्याच पावसाळ्यानंतर फरशीच्या सांध्यांत बारीक चिरा दिसल्या. आम्ही त्या पांढऱ्या सिमेंटने भरल्या. पुढच्या वर्षी पुन्हा चिरा. पुन्हा भरल्या. खालच्या खोलीत धान्याच्या कणग्या होत्या. तिथे कुबट वास येऊ लागला. आम्ही म्हटले, उंदरांचा असेल.

२०१४ च्या आषाढातली गोष्ट. सकाळी वहिनी न्हाणीत गेल्या आणि धाडकन आवाज झाला. कोपऱ्यातली फरशी खचली होती. वहिनींचा उजवा पाय गुडघ्यापर्यंत खाली गेला होता. हाड मोडले. तीन महिने त्या अंथरुणावर होत्या.

फरशी उचलली तेव्हा खालचे सगळे दिसले. माती चिखलासारखी ओली. दोन फळ्या बोटाने कुस्करल्या जात होत्या. दोन कड्यांची भिंतीतली टोके भुसभुशीत झाली होती. वर चकचकीत फरशी, खाली हा प्रकार. वरून कीर्तन, आतून तमाशा म्हणतात तसे झाले.

तो उरलेला डबा फडताळात तसाच होता. वहिनींची नात तेव्हा चौथीत. तिने डब्यावरचे हिंदी अक्षर अक्षर लावून मोठ्याने वाचले. पृष्ठभाग कोरडा आणि घट्ट असावा. दोन हात लावावेत. पहिला हात सुकल्यावरच दुसरा लावावा. आम्ही ऐकत उभे होतो. जन्मभर मुलांना "वाचा, वाचा" म्हणणारे आम्ही, पण तीन ओळी वाचल्या नव्हत्या.

वहिनी खाटेवरून म्हणाल्या, "भावजी, फरशी चांगली होती हो. खालचं कोणी पाहिलंच नाही."

त्यांचे ते एक वाक्य म्हणजेच हा धडा.

लाकूड आणि पाणी यांचे वैर

लाकूड आडव्या अंगाने जास्त फुगते. लांबीत ते जवळजवळ वाढत नाही. म्हणून सहा इंच रुंदीची फळी ओलाव्याने थोडी रुंद होते, पण लांब होत नाही. सिमेंट आणि फरशी मात्र अशा फुगत नाहीत. एक हलतो, दुसरा हलत नाही. मग दोघांमधला जोड तुटतो आणि सांध्यात चीर पडते.

दुसरे असे की लाकडी जमीन लवते. माणूस चालला की कडी किंचित खाली जाते आणि पुन्हा वर येते. आपल्याला ते जाणवतही नाही. पण फरशीला वाकणे माहीत नाही. ती एक तर तडकते, नाही तर सुटते.

तिसरे वैर मोठे आहे. लाकूड कुजते कशाने? ते बुरशीमुळे कुजते. ही बुरशी लाकूड खाऊन जगते. तिला ओलावा लागतो. कोरड्या लाकडात तिला जगता येत नाही. लाकडाच्या वजनाच्या पाचव्या हिश्श्याहून कमी पाणी असेल तर लाकूड कुजत नाही, असे धरतात. वाळवीलाही ओलावा आवडतो. म्हणजे पाणी दूर ठेवले की लाकडाचे दोन शत्रू आपोआप दूर राहतात.

पुष्कळांना वाटते की फरशी बसवली म्हणजे पाणी अडले. तसे नाही. फरशीतून पाणी जात नसेल, पण दोन फरश्यांच्या सांध्यांतून ते झिरपते. सांध्यात भरलेले सिमेंट पाणी पुरते अडवत नाही. थेंबे थेंबे तळे साचे, तसे ते खाली साचत राहते. वरून ते सुकत नाही, कारण वर फरशीचे झाकण आहे. म्हणून पाणी अडवायचे ते फरशीखाली.

अमेरिका आणि कॅनडा या देशांत पुष्कळ घरे लाकडाचीच असतात. त्यांच्या न्हाणीघरांची जमीनही लाकडी असते. तिथेही फरशी बसवतात आणि ती टिकते. पण आधी खालची तयारी करतात. २०१५ च्या उन्हाळ्यात आम्ही आमची न्हाणी पुन्हा केली, ती सुतारमामांच्या सल्ल्याने आणि याच रीतीने. ती रीत आता क्रमाने पाहू.

पहिली पायरी : आधी विचार

तळमजल्यावर न्हाणी होत असेल तर तिथेच करावी. जमिनीवर पाणी सांडले तर मातीत मुरते. माडीवर सांडले तर घरात मुरते. घरात म्हातारे माणूस असेल, आजारी असेल, जिना उतरणे होत नसेल, तरच माडीवर न्हाणी काढावी.

काम उन्हाळ्यात करावे. फाल्गुन ते वैशाख या दिवसांत लाकूड कोरडे असते. पावसाळ्यात फुगलेल्या लाकडावर फरशी बसवली तर उन्हाळ्यात ते आकसते आणि फरशी सुटते. सणाची तारीख धरून हे काम कधी करू नये.

दुसरी पायरी : खालून पाहा

माडीची जमीन खालून पाहावी. बॅटरी घ्यावी आणि एक दाभण घ्यावे. पोती शिवायचे दाभण चालेल.

कडीवर काळा किंवा पांढरा डाग आहे का? कुबट वास येतो का? वाळवीची मातीची नळी दिसते का? लाकडातून पिठासारखा भुसा गळतो का? डागाच्या जागी दाभण टोचावे. चांगल्या लाकडात दाभण जेमतेम शिरते. कुजक्या लाकडात ते सहज आत जाते.

भिंतीत शिरणारे कडीचे टोक सर्वांत आधी तपासावे. भिंतीची ओल तिथेच लागते आणि तिथेच हवा लागत नाही. आमच्या घरी कुज तिथूनच सुरू झाली होती.

मग वरून पाहावे. मातीचा थर असेल तर न्हाणीच्या जागेपुरता तो पूर्ण काढावा. माती ओल धरून ठेवते. शिवाय ती जड असते. तीन इंच जाडीचा थर वीस चौरस फुटांत असेल तर दोनशे किलोहून जास्त भरतो.

कुजलेली कडी दिसली तर लगेच कापू नये. आधी खालून भक्कम टेकू द्यावा. टेकू दिल्याशिवाय कडीला करवत लावली तर माडी अंगावर येईल. कुजका भाग चांगले लाकूड लागेपर्यंत काढावा. एखाद-दुसरी कडी असेल तर जाणता सुतार ते काम करील. जास्त कड्या गेल्या असतील किंवा भिंत फुगली असेल, तर इंजिनिअरला घर दाखवावे. तिथे पैसे वाचवू नयेत.

तिसरी पायरी : ओझ्याचा हिशेब

हा हिशेब पाटीवर मांडून पाहा. न्हाणी चार फूट गुणिले पाच फूट. म्हणजे वीस चौरस फूट.

जुन्या रीतीने, आम्ही २०११ साली केले तसे :

दोन इंच सिमेंटचा कोबा – सुमारे १९० किलो
एक इंच जाड शहाबादी फरशी – सुमारे १२० किलो
पाण्याने भरलेले दोनशे लिटरचे पिंप – २०० किलो
एक माणूस – ६० किलो
एकूण – ५७० किलो

एक लिटर पाणी म्हणजे एक किलो वजन, हे विसरू नये. आमच्या या बेरजेत जुन्या मातीचे वजन धरलेलेच नाही.

आता सुधारलेल्या रीतीने :

प्लायवुड, सिमेंट बोर्ड, चिकटवण्याचा मसाला आणि पातळ फरशी मिळून – सुमारे ९० किलो
वीस लिटरच्या दोन बादल्या – ४० किलो
एक माणूस – ६० किलो
एकूण – १९० किलो

ओझे तिपटीने कमी झाले. पाण्याचे पिंप माडीवर ठेवू नये. बादलीला नळ द्यावा किंवा पाणी खालून न्यावे. आणि लाकडी माडीवर पाणी तापवायचा बंब कधीही पेटवू नये. ठिणगी पडायला वेळ लागत नाही.

चौथी पायरी : जमीन ताठ करा

एक सोपी परीक्षा आहे. पेल्यात काठोकाठ पाणी घ्या. पेला जमिनीच्या मधोमध ठेवा. शेजारी एकाने टाच आपटून चालावे. पाणी नुसते थरथरले तर ठीक. पाणी हिंदकळून सांडले तर जमीन फार लवते.

दहा फूट लांबीची कडी ओझ्याने मधोमध अडीच सुतांपेक्षा जास्त लवू नये. आठ सूत म्हणजे एक इंच, हे गवंडी आणि सुतार जाणतात. जास्त लवत असेल तर तीन उपाय आहेत. जुन्या कडीला लागून नवी कडी जोडावी आणि दोन्ही बोल्टने आवळाव्यात. किंवा दोन कड्यांच्या मधे आडवे ठोकळे घट्ट बसवावेत. किंवा खालून मधोमध एक तुळई किंवा लोखंडी गर्डर द्यावा. आमच्या घरी सुतारमामांनी दोन जोडकड्या दिल्या आणि चार ठोकळे मारले.

नव्या कडीचे टोक भिंतीत घालताना खाली दगडाची चीप ठेवावी. बाजूंना बोटभर जागा मोकळी सोडावी. टोकाला हवा लागली की ते कोरडे राहते.

सैल फळ्या खिळ्यांनी नव्हे, स्क्रूने आवळाव्यात. खिळा हळूहळू वर येतो. स्क्रू धरून ठेवतो. स्क्रू गंज न चढणारे घ्यावेत.

पाचवी पायरी : उतार

न्हाणीचे सारे पाणी एका जाळीकडे गेले पाहिजे. त्यासाठी दर फुटाला दोन सूत उतार द्यावा. न्हाणी पाच फूट लांब आहे. पाच गुणिले दोन म्हणजे दहा सूत. म्हणजे सव्वा इंच. वरच्या टोकापेक्षा जाळीचे टोक सव्वा इंच खाली हवे.

पूर्वी हा उतार सिमेंट जाड-पातळ करून देत. त्याने ओझे वाढते. त्याऐवजी सुतारमामांनी लाकडी पट्ट्या पाचरीसारख्या रंधून घेतल्या. एका टोकाला दहा सूत उंच, दुसऱ्या टोकाला निमुळत्या. त्या फूटफूट अंतरावर फळ्यांवर बसवल्या. म्हणजे उतार लाकडातच आला. पाणसळ लावून तो जागोजागी तपासावा.

पाणी जायला जाळीखाली नहाणी ट्रॅप बसवतात. आपल्या न्हाणीचेच नाव त्याला मिळाले आहे. त्यात दोन इंच पाणी नेहमी साठून राहते. त्यामुळे गटाराची घाण हवा आणि किडे घरात येत नाहीत. न्हाणी पुष्कळ दिवस बंद राहिली तर हे पाणी सुकते आणि वास येतो. तेव्हा तांब्याभर पाणी ओतावे.

ट्रॅपचा पाइप दोन कड्यांच्या मधून न्यावा आणि भिंतीतून बाहेर काढावा. पाइपाला जागा करण्यासाठी कडीला खाच मारू नये. मधोमध खाच मारलेली कडी तिथेच मोडते.

सहावी पायरी : फरशीसाठी बिछाना

उताराच्या पट्ट्यांवर प्लायवुड बसवावे. साधे प्लायवुड पाण्याने सुटते. उकळत्या पाण्यातही न सुटणारे प्लायवुड मिळते. मरीन प्लायवुडवर आय.एस. ७१० हा आकडा छापलेला असतो. तो आकडा स्वतः वाचून घ्यावा. जाडी १८ मिलिमीटर घ्यावी. आणल्यावर ते दोन-चार दिवस त्याच खोलीत ठेवावे, म्हणजे खोलीच्या हवेला सरावते.

प्लायवुडच्या दोन तुकड्यांमध्ये एक सूत फट ठेवावी. भिंतीपाशी दोन सूत फट ठेवावी. लाकूड फुगले तर त्याला जागा हवी. कडेला सहा सहा इंचांवर स्क्रू मारावेत.

प्लायवुडवर सिमेंट बोर्ड बसवतात. तो पाण्याने फुगत नाही आणि कुजत नाही. खाली मसाल्याचा पातळ थर देऊन तो स्क्रूने बसवावा. प्लायवुडचा सांधा आणि बोर्डाचा सांधा एकावर एक येऊ देऊ नयेत. विटा रचताना आपण सांधा चुकवतो, तसेच हे आहे. बोर्डाच्या सांध्यांवर जाळीची पट्टी लावून मसाला भरावा.

इथे एक इशारा. पत्र्यासारख्या जुन्या सिमेंट शीटमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकते. घरात पडलेली अशी शीट या कामाला वापरू नये. ती कापली तर निघणारी धूळ फुप्फुसाला घातक असते. ॲस्बेस्टॉस नसलेला नवा बोर्डच घ्यावा.

सातवी पायरी : पाणी अडवणारा थर

ही पायरी सर्वांत महत्त्वाची. आमची चूक इथेच झाली.

बोर्ड झाडून, पुसून कोरडा करावा. कोपऱ्यांत आणि भिंतीच्या कडेला कापडी जाळीची पट्टी चिकटवावी. मग पाणी अडवणाऱ्या औषधाचा पहिला हात ब्रशने द्यावा. तो पूर्ण सुकू द्यावा. दुसरा हात आडवा द्यावा. म्हणजे पहिला हात उभा असेल तर दुसरा आडवा. राहिलेली भोके त्याने भरतात. लाकडी घरासाठी ताणले तरी न तुटणारे, रबरासारखे औषध मागावे.

हा थर भिंतीवर निदान एक फूट चढवावा. अंगावर पाणी घेतो त्या बाजूला डोक्याइतका उंच न्यावा. उंबरठ्यावरूनही न्यावा. ट्रॅपच्या तोंडात तो आतपर्यंत वळवावा. पाणी शिरते ते बहुधा ट्रॅपच्या कडेनेच.

किती वेळ सुकवायचे, किती पाणी मिसळायचे, हे डब्यावर लिहिलेले असते. तुम्ही आता वाचायला शिकला आहात. डबा हातात घ्या आणि वाचा. अक्षर बारीक असेल, भाषा हिंदी असेल, तरी वाचा. इंग्रजी असेल तर शाळेतल्या मुलाकडून वाचून घ्या. गवंड्याला विनयाने सांगा, "दादा, यावर असं लिहिलंय." त्यात त्याचा अपमान नाही.

आठवी पायरी : पाण्याची परीक्षा

थर सुकला की लगेच फरशी बसवू नये. आधी परीक्षा घ्यावी.

ट्रॅपचे तोंड बोळ्याने घट्ट बंद करावे. न्हाणीत पाणी भरावे. वरच्या टोकालाही थोडे पाणी चढले पाहिजे. आमच्या न्हाणीला सुमारे ५० लिटर पाणी लागले. भिंतीवर पेन्सिलीने पाण्याची खूण करावी. चोवीस तास तसेच ठेवावे.

दुसऱ्या दिवशी दोन गोष्टी पाहाव्यात. पाणी खुणेच्या फार खाली गेले का? आणि खालच्या खोलीतून पाहिल्यास कुठे ओल दिसते का? थोडे पाणी हवेने सुकते, पण बोटभर उतरले तर गळती आहे. गळती सापडेपर्यंत पुढे जाऊ नये.

आमच्या घरी पहिल्या परीक्षेत पाणी उतरले. ट्रॅपच्या कडेला गळत होते. ती जागा सुकवून पुन्हा दोन हात दिले. दुसऱ्या परीक्षेत खूण जागची हलली नाही. चार दिवस जास्त गेले. तीन महिने खाटेवर पडण्यापेक्षा चार दिवस थांबणे बरे, असे वहिनीच म्हणाल्या.

नववी पायरी : मग फरशी

एवढे झाले की फरशीचे काम सोपे आहे. फरशी पातळ घ्यावी, पण खरखरीत घ्यावी. गुळगुळीत फरशीवर ओला पाय घसरतो. चिकटवण्यासाठी थोडा लवणारा मसाला घ्यावा. पिशवीवर कोणत्या पृष्ठभागासाठी आहे ते वाचावे. फरशीच्या खाली पोकळी ठेवू नये. नुसते चार ठिपके मसाल्याचे लावले तर मधे पोकळ राहते आणि फरशी फुटते. भिंतीपाशी दोन सूत फट सोडून ती सिमेंटने न भरता सिलिकॉनने भरावी. ते रबरासारखे ताणते.

घरात म्हातारे माणूस असेल तर धरायला एक दांडा पक्क्या भिंतीत बसवावा.

काम झाल्यावरची राखण

न्हाणी वापरली की दार-खिडकी उघडी ठेवावी. हवा खेळली की ओल राहत नाही. वर्षातून दोनदा, पावसाळ्याआधी आणि पावसाळ्यानंतर, खालून बॅटरीने पाहावे. यासाठी न्हाणीच्या खालचा कडीपाट झाकून टाकू नये. सांध्यात चीर दिसली तर नुसती भरून गप्प बसू नये. ती का पडली ते शोधावे. चीर म्हणजे घराने दिलेली हाक आहे. आम्ही ती तीन वर्षे ऐकली नाही.

आता आमच्या खालच्या खोलीतल्या कणग्या दुसऱ्या भिंतीला हलवल्या आहेत. न्हाणीच्या खालची जागा मोकळी आहे. मृग लागण्यापूर्वी आम्ही बॅटरी आणि दाभण घेऊन तिथे उभे राहतो. वरून वहिनी विचारतात, "भावजी, पाहिलंत का?" आम्ही म्हणतो, "पाहिलं, वहिनी. कोरडं आहे." मग त्या न्हाणीत जातात.

हे ध्यानात ठेवा

१. फरशी पाणी अडवत नाही. फरशीखालचा थर अडवतो.
२. कोरडे लाकूड कुजत नाही.
३. आधी टेकू, मग करवत.
४. दर फुटाला दोन सूत उतार.
५. चोवीस तास पाण्याची परीक्षा घेतल्याशिवाय फरशी नाही.
६. डब्यावरचे आणि पिशवीवरचे वाचल्याशिवाय झाकण उघडू नये.

प्रश्न

१. पावसाळ्यात दार का अडते?
२. लेखकाच्या घरी कोणकोणत्या चुका झाल्या? तीन चुका लिहा.
३. तुमची न्हाणी सहा फूट लांब आहे. दर फुटाला दोन सूत उतार द्यायचा आहे. एकूण किती सूत होतील? ते किती इंच झाले?
४. शंभर लिटर पाण्याचे वजन किती?
५. नहाणी ट्रॅपमध्ये पाणी का साठून राहते?

करून पाहा

लाकडी फळीचा एक कोरडा तुकडा घ्या. त्याची रुंदी आणि लांबी दोऱ्याने मोजा आणि दोऱ्यावर गाठी मारा. तुकडा दोन दिवस पाण्यात बुडवून ठेवा. पुन्हा मोजा. रुंदी वाढली की लांबी? काय दिसले ते वहीत दोन ओळींत लिहा आणि वर्गात वाचून दाखवा.